प्रतिकृती की प्रतिमान?

आर्वीकडच्या एका विज्ञान शिक्षिकेचा प्रश्न : विज्ञान दिनाला मुलं आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या नळ्यांचं कॉम्प्युटर मॉडेल दाखवणार आहेत, तर पाटीवर 'कानाची प्रतिकृती' लिहावं का?

ताई, 'प्रतिकृती' नका लिहू. प्रतिकृतीत रूप उतरतं. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी ही बैलाची प्रतिकृती. शिंगं, वशिंड सगळं जागच्या जागी, पण खरा बैल चढावर किती ओझं ओढेल हे त्यावरून कळत नाही. कॉम्प्युटरमधल्या मॉडेलला रूप नसलं तरी चालतं, वागणं मात्र जुळावं लागतं. त्याला अर्थशास्त्राच्या मराठी पुस्तकांत रुळलेला 'प्रतिमान' हाच शब्द हवा. मान म्हणजे माप, आणि इथे सगळा खेळ मापांचाच.

पाण्याचा गुंड, म्हणजे घागर, गरकन फिरवा. गुंड फिरतो, पाणी मागे राहतं. कानातल्या 3 अर्धवर्तुळाकार नळ्यांत पाण्यासारखा द्रव असतो, तिथेही हेच होतं; मागे राहिलेलं पाणी जेलीसारखा एक पडदा वाकवतं आणि मेंदूला कळतं की डोकं वळलं. फुगडी थांबली तरी अंगण फिरत राहतं, कारण तेव्हा नळी थांबलेली असते आणि पाणी अजून पुढे रेटत असतं. विल्हेल्म श्टाइनहाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाने 1933 च्या सुमारास जिवंत माशाच्या कानात हा पडदा हलताना पाहिला आणि त्याची चाल पीळ घेणाऱ्या लंबकाच्या समीकरणात बसवली. त्या समीकरणात कानासारखं काहीच दिसत नाही, तरी आजची कॉम्प्युटर प्रतिमानं त्याच पायावर उभी आहेत.

माझी मोठमाय म्हणायची, "कूस पालटली का आढं फिरते, माय." आढं म्हणजे छपराचं मधलं आडवं लाकूड. कानातले चुन्याचे बारीक खडे जागा सोडून नळीत शिरले की नेमकं असंच होतं. प्रतिमानात असा एक खडा सोडा, डोकं कलतं करा : तो घसरतो, पाणी ढकलतो, पडदा वाकतो. डोकं कोणत्या क्रमाने वळवलं की खडा बाहेर पडेल, तेही पाहता येतं. लाकडी नंदीत हे कुठून येणार?

एक मात्र सांभाळा. निंदताना उन्हात झटकन उठलं की येते ती 'अंधारी'. ती बहुतेक वेळा रक्तदाबाची, कानाची नाही. आपल्याकडे दोन्हीला सरसकट 'चक्कर' म्हणतात, म्हणून पाटीवर 'चक्कर' एकटा नको. वर 'आतल्या कानाचे संगणकीय प्रतिमान' लिहा आणि खाली मोठ्या अक्षरांत 'आढं का फिरते?'