मासेमारीच्या बोटीजवळ खरंच एवढे मोठे मासे येतात का? सातपाटीच्या समुद्रातली एक पहाट

तुम्ही विचारलंय की नाशिकहून येत्या फेब्रुवारीत पहिल्यांदाच पालघरकडच्या मासेमारी बोटीवर जाताय, तर समुद्रात देवमासा, शार्क असलं काही बोटीजवळ येतं का, कोणाला तसा अनुभव आलाय का, आणि आलंच तर करायचं काय.

येतं. मला तसा अनुभव आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

माझं काम डिझेल इंजिनांचं. नाशिकमध्ये सातपूरला छोटं वर्कशॉप आहे. पालघर बाजूच्या बोटींचे गिअरबॉक्स दुरुस्तीला माझ्याकडे येतात, नाहीतर मी तिकडे जातो. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर हा रस्ता आता पाठ झालाय. नाशिककरांना समुद्र फार लांबचा वाटतो, पण त्र्यंबकहून अरबी समुद्र सरळ रेषेत ऐंशी किलोमीटरच्या आसपासच आहे. गोदावरी मात्र त्याच्याकडे पाठ फिरवते आणि 1465 किलोमीटर चालून पार बंगालच्या उपसागराला मिळते. मला तर वाटतं, म्हणूनच आपल्याला या बाजूच्या समुद्राची ओळख कमी.

2019 चा फेब्रुवारी होता. पालघरजवळच्या सातपाटी बंदरातल्या एका नाखवाच्या, म्हणजे बोटमालकाच्या, बोटीच्या गिअरबॉक्समध्ये मी नवीन क्लच प्लेटा टाकल्या होत्या. बंदरात मशीन छान चाललं. पण नाखवा म्हणाला, "मिस्त्री, भार पडल्याशिवाय मशिनीचं खरं-खोटं कळत नाय. एक फेरी चला." त्याचं बरोबर होतं. संध्याकाळच्या भरतीला आम्ही खाडीतून बाहेर पडलो. पंचेचाळीस फुटी बोट, नाखवा स्वतःच तांडेल (म्हणजे बोट चालवणारा प्रमुख), पाच खलाशी आणि मी.

चौदा वाव पाण्यात (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट खोली) जाळं सोडलं. पापलेटचं जाळं पाण्यात पडद्यासारखं उभं राहतं, बोट त्याच्या एका टोकाला बांधलेली असते आणि प्रवाहाबरोबर दोन्ही वाहत राहतात. मशीन बंद. मी फळीवर पडून होतो, झोप काही लागली नाही.

पहाटे चारच्या सुमारास जाळं ओढायला घेतलं. त्या दिवसांत आपल्या किनाऱ्यावर रात्री कधी कधी पाणी चमकतं. नॉक्टिल्युका नावाचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव असतात, पाणी ढवळलं की ते निळसर उजळतात. जाळं वर येत होतं तसतशी त्याची एकेक दोरी उजेडाची दिसत होती. मी मशीन सुरू करून गिअरच्या दांड्यापाशी उभा होतो. नाखवा सांगेल तसं थोडं पुढे, पुन्हा न्यूट्रल, एवढंच काम.

मग जाळ्याच्या पलीकडे पाण्याखाली उजेडाचा एक पट्टा दिसला. आधी वाटलं, माशांचा थवा असेल. पण थवा फुटतो, वळतो, पसरतो. हा पट्टा अखंड होता आणि जाळ्याच्या कडेकडेने संथपणे आमच्याकडे येत होता. मागच्या टोकाला काहीतरी डावीकडे-उजवीकडे हलत होतं आणि दर वेळी तिथलं पाणी पेटल्यासारखं उजळत होतं. कोणी बोललं नाही. ओढणाऱ्यांचे हात थांबले होते.

जाळं ताणलं गेलं. आणि बोटीचं तोंड फिरलं.

हे नीट सांगतो, कारण मशीनवर काम करणाऱ्या माणसाला हीच गोष्ट सगळ्यात जास्त हादरवते. मशीन गिअरमध्ये नव्हतं, वारा पडलेला होता, आणि तरीही पंचेचाळीस फुटांची, बर्फाने भरलेली बोट कोणीतरी हाताला धरून वळवावी तशी वळत होती. माझा हात आपोआप रिव्हर्सकडे गेला. मागे घ्यायचं, जोर लावायचा आणि सुटायचं, डोक्यात एवढंच होतं. नाखवाने माझा हात दांड्यासकट धरला. "न्यूट्रल. न्यूट्रलच राहू द्या." आवाज चढवला नाही त्याने.

त्याने हात धरला नसता तर काय झालं असतं, ते मला आज नेमकं सांगता येतं. बोटीचा पाण्याखालचा पंखा उलटा फिरला असता, सैल पडलेलं जाळं आत ओढलं जाऊन शाफ्टला गुंडाळलं असतं आणि मशीन जाम झालं असतं. मग आम्ही त्या जिवाला बांधलेले आणि तो आम्हाला. पंख्याची पाती त्याच्या अंगाला लागली असती तर जखम वेगळीच. समुद्रात अशा वेळी धोका बहुतेकदा जनावराच्या दातांत नसतो. तो जाळ्याच्या दोरीत आणि आपल्या पंख्यात असतो.

उजाडायला लागलं तसं अंग दिसलं. रुंद, चपटं डोकं, करड्या पाठीवर पांढरे ठिपके आणि त्यांच्यामधून गेलेल्या फिकट रेघा. मानेशी पाच लांब चिरा, कल्ल्यांच्या. एक खलाशी हळूच म्हणाला, "मुशी हाय. मोठी मुशी." व्हेल शार्क होता. आमच्या बोटीच्या निम्म्याहून लांब, म्हणजे पंचवीस फूट तरी असावा. शेपटीला आणि एका बाजूच्या पराला जाळ्याचे दोन-तीन वेढे बसले होते. एकदा तो बोटीला घासून गेला आणि सगळ्या फळ्या एकदम करकरल्या. ती थरथर माझ्या पायातून वर आली. मी घाबरलो होतो, अगदी पोटातून घाबरलो होतो.

नाखवाने फार वेळ घेतला नाही. जाळं त्याच मोसमात घेतलेलं, अजून कर्ज फिटलेलं नव्हतं. त्याने पाण्याकडे बघितलं आणि म्हणाला, "कापा." दोघे खलाशी नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, पालथे पडले, दोघांनी त्यांचे पाय धरले, आणि सुरीने एकेक वेढा कापायला घेतला. पाचव्याच्या हातात मोबाईल दिला, फोटो काढायला. पाण्यात कोणी उतरलं नाही. त्या शेपटीचा एक फटका बसला तर माणूस उरत नाही, आणि त्याच्या मनात मारायचं नसतानाही तो बसू शकतो.

वीसेक मिनिटं लागली असतील. शेवटचा वेढा सुटला तरी तो लगेच गेला नाही. थोडा वेळ तसाच आमच्या बाजूला तरंगत राहिला. मग शेपूट एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि तो बोटीच्या खालून पलीकडे निघून गेला. मी दुसऱ्या कडेला धावलो. पाण्यात उतरत जाणारे ठिपके तेवढे दिसले. एका खलाशाने पाण्याला हात जोडले. मीही जोडले.

नाशिकला परत आल्यावर हे ज्याला सांगितलं त्याने विचारलं, "म्हणजे देवमासाच ना?" नाही. देवमासा म्हणजे व्हेल. तो मासा नव्हे, सस्तन प्राणी. फुप्फुसाने श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो. व्हेल शार्क हा खराखुरा मासा, जगातला सगळ्यात मोठा. नावात व्हेल आहे ते आकारामुळे. लांबून ओळखायची सोपी खूण शेपटीत आहे. माशाची शेपूट उभी असते आणि आडवी हलते, देवमाशाची आणि डॉल्फिनची आडवी असते आणि वर-खाली हलते. एवढा अजस्र असून व्हेल शार्क जगतो ते सूक्ष्म जीव, माशांची अंडी आणि बारीक मासळी पाण्यातून गाळून. माणसाच्या वाटेला जात नाही.

आपणच त्याच्या वाटेला गेलो होतो. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर एके काळी त्याची मोठी शिकार व्हायची. गळाला प्लॅस्टिकचे पिंप बांधून त्याला दमवायचे, म्हणून तिकडे त्याचं नावच 'बॅरल' पडलं होतं. त्याच्या यकृताचं तेल लाकडी बोटींना पाणी लागू नये म्हणून चोपडायचे. 2001 मध्ये तो 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, आला. मग 2004 मध्ये गुजरातेत मोहीम निघाली, रामकथाकार मोरारी बापूंनी कोळी बांधवांना समजावलं की ही 'व्हाली' आहे, म्हणजे लाडकी, बाळंतपणाला माहेरी येणारी लेक. ज्यांनी आधी मारले तेच मग जाळी कापून सोडायला लागले. मला या गोष्टीचं फार मोल वाटतं. कायदा पंधरा-वीस मैल आत पोहोचेपर्यंत वेळ लागतो, माहेर हा शब्द मात्र लगेच कळतो.

आमच्या नाखवाने जाळं कापलं त्याच्या दोनच महिने आधी, डिसेंबर 2018 मध्ये, महाराष्ट्रातही एक योजना सुरू झाली होती. संरक्षित जीव सोडवताना जाळं कापावं लागलं तर जास्तीत जास्त 25,000 रुपये भरपाई. त्याच्या ते कानावर होतं, म्हणून फोटो. त्याने अर्ज केला आणि पैसे मिळाले. नव्या जाळ्यासाठी पदरचेही घालावे लागले, पण ती रक्कम आली नसती तर तो मोसम त्याला फार जड गेला असता.

डॉल्फिन मी त्यानंतर बऱ्याचदा पाहिले, खाडीच्या तोंडाशी, पाठीवर उंचवटा असलेले. चार-पाच एकत्र असतात, पाठ दाखवतात आणि जातात. त्यांना भिण्याचं काही कारण नाही, पण त्यांच्या मागे बोट पळवायला लावू नका. जाळ्यात अडकलेला डॉल्फिन किंवा कासव मिळालं तर घाई करावी लागते, कारण त्यांना श्वासाला वर यावंच लागतं. पाण्याखाली अडकून राहिले तर ते बुडून मरतात.

तुम्हाला मी खरा सावध करीन तो पाकटापासून, म्हणजे स्टिंग रे या चपट्या माशापासून. तो व्हेल शार्कएवढा नसतो, पण फळीवर मासळीच्या ढिगात पडलेला असतो आणि शेपटीवर विषारी, करवतीच्या दातांचा काटा असतो. दुसऱ्या एका फेरीत एका तरुण खलाशाच्या घोट्याजवळ तो काटा घुसला. तसा धट्टाकट्टा पोरगा, पण वेदनेने ओरडत होता. स्टोव्हवर पाणी तापवून, स्वतःच्या हाताला सोसेल एवढं गरम ठेवून, त्यात त्याचा पाय तासभर बुडवला. उष्णतेने त्या विषाचा जोर मोडतो, वेदना उतरते. नंतर दवाखान्यात न्यावंच लागतं, काट्याचा तुकडा आत राहिला तर जखम चिघळते. आणि काटा छातीत किंवा पोटात घुसला असेल तर तो बोटीवर उपसायचा नाही, तसंच डॉक्टरकडे न्यायचं. म्हणून ढिगाजवळ उघड्या पायांनी फिरू नका, पाय आणि शेपूट यांची गाठ पडेल असं उभं राहू नका.

तुमच्यासाठी आणखी थोडं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे तुमचा फेब्रुवारीचा बेत चांगला आहे, समुद्र शांत असतो. आधार कार्ड जवळ ठेवा, बोटीवर कोण चढलं याची नोंद होते. लाइफ जॅकेट नाखवाकडे मागून घ्या, तो हसला तरी मागा आणि घालूनच बसा.

बोटीवर चढल्या चढल्या दोन गोष्टी विचारून घ्या: गिअरचा दांडा न्यूट्रलला कसा येतो, आणि जाळं कापायची सुरी कुठे ठेवलीय. काही मोठं जवळ आलं आणि तांडेल दुसऱ्या टोकाला असला, तर आधी त्याला हाक मारा. तो सांगेल तेव्हा न्यूट्रल, आणि त्याने सांगितल्याशिवाय गिअरला हात नाही. मशीन बंदही करू नका, अशा वेळी ते पुन्हा चालू झालं नाही तर पंचाईत होते. कडेवरून वाकू नका, खाली बसा आणि एका हाताने काहीतरी घट्ट धरा. मोबाईलमध्ये लोकेशन चालू ठेवून फोटो आणि व्हिडिओ काढा, जाळं कापताना आणि जीव सुटून जातानाही. नाखवाला अर्जासाठी ते लागतील, आणि त्या घाईत त्याच्या स्वतःच्या हातात मोबाईल नसेल.