कोरं रजिस्टर

“मी ड्यूटी रूममध्ये शिरले की सगळ्या गप्प होतात. कालपर्यंत यांच्याचबरोबर नाइट काढल्यात हो मी!” नुकत्याच इन्चार्ज झालेल्या एका सिस्टर सांगत होत्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) बढती मिळालेल्या परिचारिका सल्ल्यासाठी माझ्याकडे बहुधा हीच तक्रार घेऊन येतात: टीमचा माझ्यावर विश्वास का नाही?

“काम मात्र चोख आहे. तीन महिन्यांत एकही चूक नाही,” त्या अभिमानाने म्हणाल्या. इन्सिडेंट रजिस्टर, म्हणजे वॉर्डातल्या चुका नोंदवायची वही, कोरं.

मला खटकलं ते नेमकं हेच. तीन पाळ्या, भरलेला वॉर्ड, आणि चूक एकही नाही? एमी एडमंडसन या संशोधिकेने रुग्णालयांतल्या टीम्सचा अभ्यास 1996 मध्ये मांडला. चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी सापडतील, असा तिचा अंदाज होता. नोंदी निघाल्या उलट जास्त, कारण तिथे लोक चूक सांगायला घाबरत नव्हते.

“तुम्हाला शेवटची चूक कुणी सांगितली?” मी विचारलं.

बऱ्याच वेळाने आठवलं. एका ज्युनियरने मिश्र इन्सुलिनऐवजी साधं दिलं होतं आणि सकाळी ओव्हर देताना (पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती सोपवताना) तिने आपणहून सांगितलं होतं.

“तुम्ही काय म्हणालात?”

“डोकं कुठे होतं तुझं?”

“किती जणींसमोर?”

त्या बोटांवर मोजू लागल्या. सातवर थांबल्या.

कडकपणा सोडा, असं मी सांगितलं नाही. वॉर्डात तो लागतोच. फक्त क्रम ठरवला: आधी रुग्ण, मग डॉक्टरांना कळवणं, मग नोंद, आणि ‘कुणी केलं?’च्या आधी ‘कसं झालं?’ शिवाय स्वतःची एक जुनी चूक ओव्हरच्या वेळी सर्वांना सांगायची. हे मात्र त्यांनी दोन आठवडे टाळलं. ड्यूटीची यादीही पाहिली. कधी कुरकुर न करणाऱ्या दोघींच्याच माथी जास्त नाइट होत्या. ते लगेच बदललं.

महिन्याभराने तीच ज्युनियर त्यांच्याकडे आली. इन्सुलिनची चुकीची कुपी पुन्हा हातात आली होती, या वेळी लेबल वाचून तिने परत ठेवली. दोन्ही कुप्या फ्रिजमध्ये एकाच ट्रेमध्ये होत्या! ट्रे वेगळे झाले.

परवा सिस्टर आल्या त्या नवीच काळजी घेऊन. रजिस्टरमधल्या नोंदी वाढल्यात, मेट्रन विचारतील. त्यांना काय सांगायचं, यातच आमचा तास गेला.