पन्हाळा रोडला जेवण आणि गाणं

प्रश्न : ताई नमस्कार, पन्हाळा रोडला आमची वडिलोपार्जित शेतजमीन आहे, अगदी रस्त्याला लागून. घरच्या मटणाला पैपाहुणे नावाजतात, थोरला भाऊ ढोलकी वाजवतो आणि त्याच्या ओळखीत लावणी, पोवाडा, गझल करणारी बरीच मंडळी आहेत. शनिवार-रविवार रात्री जेवण आणि कार्यक्रम एकत्र सुरू करायचं म्हणतोय, अंगणात 150 खुर्च्या बसतील. दोस्त म्हणतात डीजे पण ठेव. सुरुवात कुठून करू? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दादा, आधी खुर्च्या कमी करा. 150 जणांना एकदम गरम वाढायचं म्हणजे ती लग्नाची पंगतच झाली, तिथं आचारी-वाढप्यांची फौज लागते आणि तुमच्याकडं वरनं कार्यक्रम पण आहे. 50-60 वर थांबा आणि हात बसू द्या.

कोल्हापूरचा माणूस गाणं जरा कमी रंगलं तर चालवून घेईल पण रस्सा गार आला तर परत फिरकणार नाही, म्हणून रात्रीचं टायमिंग किचन बघून ठरवा, स्टेज बघून नको. साडेसातला लोक बसवा, सुकं-भाकरी-रस्से सगळं पावणेनऊपर्यंत उरकू दे आणि मग ढोलकीवर थाप पडू दे, कारण गझल ऐन रंगात आलीय आणि मागं वाढपी स्टीलच्या वाट्या आपटत फिरतोय असं झालं की गाणारा पण वैतागतो आणि ऐकणारा पण. उशिरा येणारे असणारच. त्यांच्यासाठी पांढरा रस्सा उकळत ठेवू नका, नारळाचं दूध जास्त उकळलं की फाटतं, वर तेल आणि खाली पाणी दिसायला लागतं. अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, वेगळं गरम ठेवा, दूध ऐनवेळी घाला आणि मंद आचेवर नुसतं गरम करून लगेच वाढा. तांबड्याचं एवढं काही नाही.

डीजेचा विषय सोडा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर स्पीकर बंद, बंद हॉलला सवलत आहे पण तुमचं अंगण आहे. तसंही सव्वा तासाचा नेटका कार्यक्रम पुरतो हो, 50-60 माणसांत ढोलकी, पेटी, डफ आणि खणखणीत आवाज असला की मोठे स्पीकर लागतात कशाला! 1883 पासूनचा गाण्याचा देवल क्लब ज्या गावात आहे तिथं बसून ऐकणारी माणसं मिळतात.

लावणी ठेवणार असाल तर मला हे मनापासून सांगायचंय, कलावंत बायकांचा मान पहिला. नोटा उधळायला 2016 च्या कायद्यानं बंदी आहे आणि सुप्रीम कोर्टानं 2019 मध्ये ती कायम ठेवलीय, दारातच तसा बोर्ड लावा. बिदागी आधी ठरवून त्याच रात्री हातात द्या, कपडे बदलायला आतनं कडी लागणारी खोली द्या, घरी सोडायला गाडी द्या. हे जमणार नसेल तर लावणी ठेवूच नका.

कागदांचं म्हणाल तर जमीन बिगरशेती आहे का ते पहिलं बघा, बाकी सगळं त्यावर अडतं. मग फूड लायसन्स, कार्यक्रमाचा परवाना, फायरची एनओसी. कार्यक्रमाचा परवाना कसा काढायचा ते पोलीस ठाण्यात विचारा. सिनेमातली गाणी लाइव्ह म्हटली तरी कॉपीराइटवाल्यांचं लायसन्स लागतं, पारंपरिक पोवाड्याला तो प्रश्न नाही. दारू नकोच, एक्साइजचं वेगळं झेंगट आणि घरची मंडळी यायची बंद होतील. फायरचं मात्र नुसतं कागदावर ठेवू नका. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आपलं केशवराव भोसले नाट्यगृह जळताना सगळ्या गावानं बघितलंय, तेव्हा कापडी मंडप आणि सिलिंडर एकमेकांपासून लांब आणि बाहेर पडायला दोन वाटा, दोन्ही मोकळ्या.

आणि पावसाळ्यात मुहूर्त करू नका. केर्लीजवळ रस्त्यावर पाणी आलं की तुमचं गिऱ्हाईक कोल्हापुरातच अडकणार, 2019 आणि 2021 चा महापूर तुम्हाला मी काय सांगायचा. श्रावणात मटण पण चालत नाही. दसऱ्यानंतर सुरू करा, तोवर कागदं होतील आणि पैपाहुण्यांना बोलवून दोन-चार शनिवार तालीम पण होईल, फक्त त्यांना जेवण फुकट घालू नका, पैसे मोजणारा माणूसच रश्श्यात मीठ कमी आहे म्हणून तोंडावर सांगतो.