पेडलआधी ॲम्प्लिफायर

प्रश्न : १९६०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश ब्लूज-रॉकमध्ये ऐकू येणारा गिटारचा भरदार, लांबत जाणारा आवाज मला हवा आहे. माझ्याकडे हम्बकर पिकअपची (म्हणजे तारांचे कंपन टिपणाऱ्या दुहेरी गुंडाळीची) गिटार, आठ इंची स्पीकरचा ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर आणि जर्मेनियम ट्रान्झिस्टरचे फझ पेडल, म्हणजे आवाज मुद्दाम खरखरीत करणारी पायाने दाबायची पेटी, आहे. पण पेडल दाबताच डास गुणगुणावा तसा किरटा आवाज येतो. पेडल बदलावे का?

उत्तर : पेडल तूर्त राहू द्यावे. १९६६ साली आलेला फझ फेस हा फझ घ्या किंवा त्याच दशकातला, वरच्या पट्टीचा आवाज वाढवणारा रेंजमास्टर, ही पेडल्स प्रामुख्याने आवाज आधीच फाटू लागलेल्या व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांच्या) ॲम्प्लिफायरला आणखी रेटण्यासाठी वापरली जात. फझमुळे लहरींना येणारी धार व्हॉल्व्ह आणि बारा इंची स्पीकर मिळून बोथट करीत. सेलेस्टियनचा ‘ग्रीनबॅक’ हा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचा बराचसा भाग गाळूनच टाकतो. आपल्याकडे नेमकी ही गाळणी नाही.

तेव्हा खर्च करायचाच, तर ॲम्प्लिफायरवर करावा. मार्शलचा जेटीएम४५ हा फेंडरच्या बासमनच्या सर्किटवरून बेतलेला होता; त्याच घराण्यातला, बारा इंची स्पीकरचा आजचा वीस वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर आपले काम भागवेल. शंभर वॅटचा हट्ट अनेकजण धरतात, तो मला अनाठायी वाटतो, कारण शंभर आणि वीस वॅटमध्ये फरक जेमतेम सात डेसिबलचा असतो आणि घरात वीस वॅटसुद्धा पूर्ण उघडता येत नाहीत. त्यासाठी ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये, दोहोंच्या ओहमशी (विद्युतरोधाशी) जुळणारा अटेन्युएटर, म्हणजे स्पीकरकडे जाणारी शक्ती कमी करणारे उपकरण, लावावा.

आता फझ. गिटारची केबल थेट त्यातच जायला हवी. वाटेत बफर (सिग्नल सावरणारे छोटे सर्किट) असलेला, सूर जुळवायचा ट्यूनर आला, तर तो बंद असतानाही आवाज कडक होतो आणि गिटारचा व्हॉल्यूम दहावरून सातवर आणताच फझ निवळून जवळजवळ स्वच्छ सूर देतो, ही या पेडलची खरी खुबी हरवते. आपले पेडल जुन्या धर्तीचे, म्हणजे धन टोक ग्राउंडला जोडलेले असेल, तर ते इतर पेडल्सच्या सामाईक अडॅप्टरवर मुळीच लावू नये. नऊ व्होल्टची साधी कार्बन-झिंक बॅटरी उत्तम. जर्मेनियम उष्णतेला हळवे असते, त्यामुळे खोली तापल्यावर आवाज बिघडला, तर पेडल नादुरुस्त झाले असे समजू नये. आवाजाला प्रतिध्वनी देणाऱ्या इकोचा विचार हे सारे जमल्यावर करावा.