जातमुचलक्यातील ‘जात’

नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातील कच्च्या कैद्यांच्या नातेवाइकांसाठी माहितीपत्रक तयार करणाऱ्या एका कार्यकर्तीचा प्रश्न आहे की, त्यात ‘जातमुचलका’ (सुटकेसाठी आरोपीने स्वतः लिहून दिलेली हमी) हा शब्द ठेवावा की गाळावा, कारण मुलाखतीच्या रांगेतील एका आईने तो वाचून, “मग सही आमच्याच जातीच्या माणसानं करायची का?” असे विचारले.

शब्द गाळू नये. तो ‘जात मुचलका’ असा तोडून छापणाऱ्यांना मात्र आवरावे, कारण निम्मा घोटाळा त्या मोकळ्या जागेने केला आहे. ही ‘जात’ संस्कृत ‘जाति’ नव्हे. ती अरबीतून फारसीमार्गे आली असून तिचा अर्थ ‘स्वतः’ असा आहे. ‘साहेबांनी जातीने लक्ष घातले’ असे म्हणताना आपण साहेबांची जात काढत नसतो. मुचलका तुर्की आहे. तो ‘सोडणे’ अर्थाच्या संस्कृत ‘मुच्’ धातूपासून आला असे सांगणाऱ्या विद्वानांना ‘लका’चा हिशेब विचारला की ते विषय बदलतात, शिवाय मुचलका लिहून देणाऱ्याला बांधतो, सोडवत नाही.

माझा खरा जीव ‘जामीन’वर आहे. अरबीत ‘जामिन’ म्हणजे हमी घेणारा माणूस. हमीला ‘जमानत’ हे वेगळे नाव आहे. ‘मामा जामीन राहिला’ या आपल्या वाक्यातही तो माणूसच आहे. पुढे मराठीने त्याचे नाव सुटकेला देऊन टाकले आणि माणूस हरवला म्हणून ‘जामीनदार’ घडवावा लागला. हे दोन्ही शब्द निमूटपणे समानार्थी म्हणून नोंदवणाऱ्या कोशकारांनी एकदा न्यायालयाच्या आवारात उभे राहावे. ‘जामीन मंजूर’ हे ऐकून घरचे निश्चिंत होतात आणि ऐपतीचा दाखला घेऊन उभा राहणारा माणूस न मिळाल्याने मुलगा आतच राहतो. १९७८ च्या मोतीराम प्रकरणात एका गवंड्याकडे दहा हजारांची हमी मागून, भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्या भावाला नाकारले गेले होते. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर कडक ताशेरे ओढले. तरीही २०२२ अखेर देशातील ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ जण खटला संपण्याची वाट पाहत होते, आणि त्यांतील किती जणांचे अडले ते या हरवलेल्या माणसापाशीच, हे कोशात कोठून सापडणार?

मूळ प्रश्न राहिलाच. त्या आईची शंका व्युत्पत्तीच्या दृष्टीने चूक असली, तरी वेडगळ नव्हे. कारागृहाच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ मध्ये द्यावा लागला. तेव्हा पत्रकात ‘जातमुचलका’ सलग छापून पुढे ‘स्वतःची लेखी हमी’ असे लिहावे, आणि जामिनाच्या आदेशात ‘तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार’ अशी ओळ आहे का, हे आधी वाचून घ्या, असे त्याखाली ठळक अक्षरांत सांगावे.