वजन वाढल्यापासून आईचा दमा पंपालाही का ऐकत नाही?

तुमच्या आईचा दमा चाळिशीनंतरचा. वजन नव्वदीला टेकल्यापासून पंप घेऊनही धाप थांबत नाही, आणि डॉक्टर ‘वजन कमी करा’ म्हणतात ते उगीच का, असं तुम्ही विचारलंय. उगीच नाही. मी लातुरात छातीच्या दवाखान्यात स्पायरोमेट्री करते, नळीत फुंकायची तपासणी. अशा बाया रोज येतात.

पोटाची चरबी श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोटामधल्या स्नायूच्या पडद्याला, वर ढकलते, आडवं झाल्यावर जास्तच. फुफ्फुसात उरणारी हवा घटते आणि बारीक श्वासनळ्या लवकर मिटतात. एवढं लोकांना पटतं. पटत नाही ते हे की चरबी नुसती पडून नसते. ती लेप्टिन, इंटरल्युकिन-६ अशी सूज वाढवणारी द्रव्यं रक्तात सोडते. सूज आवरणारं ॲडिपोनेक्टिन मात्र कमी पडतं.

सोयाबीनच्या मळणीत धूळ नाकात गेली की उठणारा ॲलर्जीचा दमा वेगळा. त्यात बहुधा इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशी वाढलेल्या असतात आणि पंपातलं स्टिरॉइड त्यांना चांगलं आवरतं. मोठ्या वयात, लठ्ठपणासोबत आलेल्या दम्यात, विशेषतः बायकांच्या, या पेशी बऱ्याचदा फारशा नसतात. मग डोस वाढवूनही म्हणावा तसा गुण येत नाही.

म्हणून पंप सोडायचा का? मुळीच नाही! ‘पंपानं वजन वाढतं’ हे गावोगाव ऐकते. पंपात औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं. वजन वाढवतात त्या महिनोन्‌महिने घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या, त्यांचा हिशोब मिलिग्रॅमचा. आधी आई पंप कसा ओढतात तेच बघा. निम्मं औषध जिभेवरच बसत असेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावा. घोरणं, रात्री घशाशी आंबट येणं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, दोन्हींनी दमा बिघडतो. आणि प्रत्येक धाप दम्याचीच असते असंही नाही. सॅल्ब्युटामॉल हे श्वासनळ्या मोकळं करणारं औषध देण्याआधी आणि नंतर फुंकून घेतलं की बरंच उलगडतं.

वजन 5 ते 10 टक्के उतरलं तरी बऱ्याच जणांचा दमा आटोक्यात येतो. आईंच्या बाबतीत साडेचार ते नऊ किलो. ज्वारीची भाकरी सोडायला लावू नका, बिचारीचा दोष नाही. कालवणावरची तर्री आणि प्रत्येक भाजीतला शेंगदाण्याचा कूट आवरा. चालणं उन्हाळ्यात पहाटेच. चालताना छाती भरत असेल तर निघण्याआधी पंप घ्यायचा का, ते डॉक्टरांना विचारून ठेवा.