घाटात टर्बो डिझेल गाडी अधूनमधून पिकअप का सोडते?

आपली गाडी २०१६ ची टर्बो डिझेल आहे. रत्नागिरीहून कोल्हापूरला जाताना ती सपाटीवर व्यवस्थित धावते, पण आंबा घाटाच्या चढणीवर कधीतरी एकाएकी दम सोडते आणि अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी इंजिन अडीच हजार आरपीएमच्या पुढे जात नाही. बाजूला घेऊन बंद करून पुन्हा सुरू केली की काही झालेच नव्हते अशी ती चालू लागते. गॅरेजमधील स्कॅनरला दोष दिसला नाही, तरी टर्बो, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा, बदलण्याचा सल्ला मिळाला आहे, आणि तो मानावा का, असे आपण विचारले आहे.

माझे गॅरेज साखरप्यात, म्हणजे त्याच घाटाच्या पायथ्याशी असल्यामुळे ही तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्या मी नेहमी पाहतो. माझे उत्तर असे की, तूर्त टर्बो बदलू नका. ज्या टर्बोचा शाफ्ट झिजला आहे किंवा पाते मोडले आहे, तो चावी फिरवल्याने बरा होत नाही. तो शिट्टी मारतो, ऑइल पितो, धूर सोडतो आणि सपाटीवरही तितकाच रडतो.

अशा दोषात ताकद कशी गेली यावर सगळे बोलतात, पण मी आधी ती परत कशी आली हे विचारतो. चावी बंद करून लगेच सुरू केल्यावर परत आली, तर गाडीच्या संगणकाने, म्हणजे ईसीयूने, काहीतरी चुकीचे पाहून इंजिनाच्या काळजीपोटी स्वतःच ताकद कमी केली होती. यालाच लिंप मोड म्हणतात. दहा-पंधरा मिनिटे थांबावेच लागले, तर संशय डिझेलच्या पुरवठ्यावर जातो. चावीला हात न लावता चालत्या गाडीत ताकद क्षणात जात-येत असेल, तर सैल कपलर, घासलेली वायर किंवा पेडलचा सेन्सर पाहावा, आणि आपल्या खाऱ्या हवेत कपलरच्या पिनांवर हिरवट गंज चढतो हे ध्यानात ठेवावे. आपले वर्णन पहिल्या प्रकारात अगदी चपखल बसते.

ईसीयू सतत दोन आकडे ताडून पाहत असतो: टर्बोकडून किती दाब हवा आहे आणि मॅप सेन्सरप्रमाणे, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरप्रमाणे, प्रत्यक्षात किती मिळतो आहे. या दोहोंतील फरक ठरावीक मर्यादेबाहेर काही काळ राहिला की तो टर्बोचे नियंत्रण सोडून देतो आणि डिझेलही मोजूनमापून देतो. सपाटीवर इंजिनाकडून इतक्या दाबाची मागणी फारशी होतच नाही, म्हणून तिथे दोष झाकून राहतो. चढणीला तिसऱ्या गिअरमध्ये भार पडला की तो उघड होतो. घाटमाथ्यावर हवा विरळ होते म्हणून असे होत असेल, असे काही जण म्हणतात, पण समुद्रकाठी हवेचा दाब सुमारे १०० किलोपास्कल असेल तर सहा-सातशे मीटर उंचीवर तो ९३-९४ असतो, आणि एवढी तूट चांगला टर्बो सहज भरून काढतो.

स्कॅनरला काही न दिसण्याची कारणे साधी असतात. बॅटरीचा टर्मिनल काढला की काही गाड्यांत नोंद पुसली जाते, आणि स्वस्तातले बरेच स्कॅनर कंपनीचे स्वतःचे दोषाचे कोड वाचत नाहीत. म्हणून पुढच्या वेळी दम गेला की रुंद जागा पाहून गाडी बाजूला घ्या, हझार्ड लाइट लावा आणि इंजिन चालू ठेवूनच कोड वाचा. चालत्या गाडीत मात्र चावी कधीही बंद करू नका. ब्रेकचा बूस्टर आणि स्टिअरिंगची मदत दोन्ही गमावून घाटातल्या वळणावर सापडणे परवडणारे नाही. पी०२९९ आला तर दाब कमी पडला आहे, पी०२३४ आला तर जास्त झाला आहे, आणि पी००८७ असेल तर गोष्ट टर्बोची नसून रेलमधील, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीतील, दाबाची आहे.

याहून चांगले म्हणजे स्कॅनर लावतात त्याच सॉकेटला ब्लूटूथ डोंगल लावून, शेजारी बसलेल्या माणसाला मोबाइलवर चढणीचे आकडे रेकॉर्ड करायला सांगणे. निरोगी गाडीत पूर्ण भाराखाली मॅपचा आकडा साधारण २०० किलोपास्कलच्या आसपास किंवा वर जातो. गाडी लिंप मोडमध्ये गेल्यानंतरचा आकडा काहीच सांगत नाही, कारण तेव्हा ईसीयूनेच दाब सोडलेला असतो. दम जाण्याच्या आधीच्या चार-पाच सेकंदांत आकडा मागणीच्या खाली रेंगाळत होता की वर उसळला होता, हे पाहायचे.

खाली रेंगाळत असेल तर मी प्रथम नळ्या पाहतो. देवरुखच्या एका मास्तरांची गाडी अशीच माझ्याकडे आली, तोवर तिचा हवेचा सेन्सर आणि डिझेल फिल्टर दुसरीकडे बदलून झाले होते. टर्बोच्या अ‍ॅक्च्युएटरकडे (म्हणजे दांडा सरकवून टर्बोचा दाब कमी-जास्त करणाऱ्या भागाकडे) जाणारी पेन्सिलीपेक्षा बारीक व्हॅक्यूमची नळी मी काढली, हातपंप लावून ५०० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत व्हॅक्यूम ओढला, तर काटा जागचा हलेना. नळी चांगली आहे असे म्हणून मी ती परत बसवणारच होतो, पण इंजिनात ती जशी ब्रॅकेटमागून वळते तशी वाकवून धरली आणि काटा सावकाश खाली येऊ लागला. वळणाच्या आतल्या बाजूला केसाएवढी चीर होती. नळी सरळ असताना मिटलेली, वाकवली की उघडणारी. इंजिन तापून रबर मऊ झाले की ती आणखी उघडत असणार. सिलिकॉनच्या अर्ध्या मीटर नळीत काम झाले. पावसाळ्यात उबेला इंजिनात शिरणारे उंदीर हीच नळी कुरतडतात, ते वेगळेच.

इंटरकूलरची, म्हणजे टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीची, जाड नळी वरून धडधाकट दिसते, म्हणून तिच्याखालून बोट फिरवावे. बोटाला तेलकट काळे लागले तर तिथून हवा निसटते आहे. खात्रीसाठी टर्बोचे तोंड बंद करून एक बारच्या आत हवा भरावी आणि साबणाचे पाणी लावावे. दम जाताना मागे काळा धूर आणि पुढे फुस्स असा आवाज येत असेल, तर निदान जवळपास झालेच म्हणायचे. ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे थोडा धूर इंजिनात परत सोडणारी झडप, काजळीने उघडा अडकला तरी काळा धूर दिसतो, म्हणून तोही उघडून पाहावा.

डिझेलच्या बाबतीत एवढेच करा की, फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि तासभर ठेवा. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसेल. टाकीतील जाळी कचऱ्याने तुंबत असेल, तर इंजिन बंद झाल्यावर ओढ थांबून कचरा खाली बसतो आणि गाडी थोड्या वेळाने पुन्हा चालते, पण आपली लगेच चालते. डीपीएफ, म्हणजे धुरातील काजळी अडवणारा फिल्टर, बहुतेक गाड्यांत आला तो बीएस-६ च्या धुराच्या नियमांमुळे, आणि ते १ एप्रिल २०२० पासून लागू झाले, त्यामुळे २०१६ च्या गाडीत तो तुंबल्याचा संशय मी जवळपास बाजूला ठेवतो. आरपीएम चढतो पण वेग वाढत नाही, असे असते तर क्लच पाहा म्हटले असते.

दाब वर उसळल्याची नोंद मिळाली आणि टर्बो व्हीजीटी, म्हणजे पात्यांचा कोन बदलणाऱ्या, प्रकारचा असेल, तर आतील फिरती पाती काजळीने जाम होत असतात. अ‍ॅक्च्युएटरला पातळ नळी जात असेल, म्हणजे तो व्हॅक्यूमवर चालणारा असेल, तर आपल्यासमोर हातपंप लावायला सांगा: दांडा सलग सरकला आणि सलग परत आला पाहिजे, अडखळत, टप्प्याटप्प्याने सरकला तर टर्बो उतरवून आधी साफ करून घ्या. उतरवलाच आहे तर शाफ्ट बोटांनी हलवून पाहा. किंचित आडवी ढिलाई असतेच, पण शाफ्ट पुढे-मागे सरकत असेल किंवा पाती घराला घासल्याच्या खुणा दिसत असतील, तरच नव्या टर्बोला होकार द्या.